भांडणाऱ्या शेजाऱ्यांनी वीजवाहिनी जोडावी ती कशी?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

शेजारी देशाकडून वीज घ्यायची किंवा त्याला द्यायची असा विषय निघाला की वाचकांच्या पत्रांत हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, ज्याच्याशी आपले पटत नाही त्याच्या हाती आपले बटण कशाला द्या? दुसरा म्हणतो, तारा जुळल्या की मनेही जुळतील. जोडणी म्हणजे एकच एक प्रकार, ती करायची किंवा टाळायची, हे मात्र दोघेही धरून चालतात. प्रत्यक्षात दोन वीजजाळी जोडण्याचे तीन वेगवेगळे प्रकार आहेत आणि उद्या भांडण झाले तर कोणाचे किती नुकसान होईल, हे बरेचसे या निवडीवर ठरते. मंत्र्यांच्या हस्तांदोलनाच्या छायाचित्रात हा तपशील दिसत नाही, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

पहिला प्रकार समकालिक जोडणीचा. दोन्ही बाजूंची जाळी एसी (सेकंदाला अनेकदा दिशा बदलणाऱ्या प्रवाहाच्या) वाहिनीने थेट एकमेकांना जोडली की दोन्हीकडची सगळी जनित्रे एका तालात फिरू लागतात. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांच्या, जाळ्यातले दोन ध्रुवांचे जनित्र मिनिटाला ३००० फेरे घेते, मग ते सीमेच्या अलीकडचे असो की पलीकडचे. एका टोकाला मागणी वाढली आणि निर्मिती वाढली नाही, तर वारंवारता, म्हणजे हीच आवर्तनांची संख्या, दोन्ही देशांत एकदमच घसरते आणि दोन्हीकडचे गव्हर्नर, म्हणजे जनित्रांचे वेगनियंत्रक, वाफ किंवा पाणी वाढवतात. ५ टक्के ड्रूपवर (वारंवारता ५ टक्के उतरली की पूर्ण क्षमता, या प्रमाणावर) लावलेला ५०० मेगावॅटचा संच वारंवारता ०.१ हर्ट्झने उतरली की २० मेगावॅट जादा देऊ लागतो. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. म्हणजे पहिल्या काही सेकंदांत शेजाऱ्याची मदत न मागता मिळते, आणि आपली मदत न विचारता घेतलीही जाते.

त्यानंतर काय व्हावे हे निसर्ग ठरवत नाही, नियम ठरवतो. प्रत्येक नियंत्रण क्षेत्राचे, म्हणजे आपला ताळेबंद स्वतः सांभाळणाऱ्या जाळ्याच्या भागाचे, भार प्रेषण केंद्र दर काही सेकंदांनी हिशेब करते : सीमेवरून ठरलेला प्रवाह किती, प्रत्यक्ष किती, आणि वारंवारतेतल्या फरकाला आपला वाटा किती. ज्याच्या क्षेत्रात तूट निघेल त्याने काही मिनिटांत स्वतःची निर्मिती वाढवून किंवा वीज विकत घेऊन ती भरायची. हा नियम सर्वांनी पाळला तर समकालिक जोडणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भक्कम. पण आपले क्षेत्र कोणते यावरच वाद असेल तर?

कोसोव्हो आणि सर्बियामध्ये नेमके तेच झाले. कोसोव्होच्या उत्तरेकडच्या सर्बबहुल भागात १९९९ नंतर विजेची बिले भरली जात नव्हती. त्या विजेचा खर्च कोसोव्होतले बाकीचे ग्राहक आपल्या बिलांतून सोसत होते. २०१७च्या अखेरीस ती सोय संपली, वापर मात्र चालूच राहिला. कोसोव्होची पारेषण कंपनी तेव्हा सर्बियाच्या नियंत्रण गटात मोडत होती, पण सर्बिया कोसोव्होला देश मानत नाही आणि कोसोव्होला सर्बियाच्या कंपनीचा अधिकार मान्य नाही. तूट भरायची कोणी यावर एकमत होईना आणि ती पुरती कोणीच भरली नाही. जानेवारी २०१८च्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत ११३ गिगावॅट-तास, म्हणजे ११ कोटी ३० लाख युनिट वीज जाळ्यातून कमी पडत राहिली. सरासरी काढली तर जेमतेम ९५ मेगावॅट. स्पेनपासून तुर्कस्तानपर्यंत पसरलेल्या युरोपच्या जाळ्यात एवढी तूट म्हणजे किस झाड की पत्ती. कुठे दिवा मंद झाला नाही, कुठे भारनियमन झाले नाही.

झाले ते वेगळेच. वारंवारतेची सरासरी ५० ऐवजी ४९.९९६ हर्ट्झ राहिली. ओव्हनवरची, हीटरच्या टायमरमधली, रेडिओतली अनेक घड्याळे विजेची आवर्तने मोजून चालतात. दहा लाखांत ८० आवर्तने कमी पडली की घड्याळ दिवसाला सुमारे ७ सेकंद मागे पडते. पन्नास दिवसांत ते जवळजवळ सहा मिनिटे मागे पडले, आणि तेही पंचवीस देशांत. ते भरून काढायला जाळे काही आठवडे मुद्दाम किंचित वेगाने चालवावे लागले. एरवीही वेळेचा फरक २० सेकंदांच्या पुढे गेला की युरोपात लक्ष्य ५०.०१ किंवा ४९.९९ वर नेतात, ५०.०१ने दिवसाला १७ सेकंद परत मिळतात, म्हणजे सहा मिनिटांना किमान वीस दिवस. बिल भरायचे कोणी हा वाद मिटेपर्यंत हे पुन्हा होऊ शकणार होते. तो बराचसा मार्गी लागला तो डिसेंबर २०२०मध्ये, कोसोव्होची पारेषण कंपनी सर्बियाच्या गटातून बाहेर पडून अल्बेनियाबरोबरच्या गटात गेली तेव्हा. तिराना ते प्रिष्टिना ही ४०० केव्हीची (४ लाख व्होल्टची) वाहिनी २०१६मध्येच उभी राहिली होती. खांब, तारा, रोहित्रे सगळे तयार असूनही ती चार वर्षे जवळजवळ नुसती उभी होती. पैसे खांबांवर खर्च होतात आणि काम मात्र एका कागदावाचून अडते, याचे इतके चोख उदाहरण दुसरे सापडणार नाही.

परके उदाहरण नको असेल त्यांनी ३० आणि ३१ जुलै २०१२ला आपल्याकडे झालेला वीजखंड आठवावा. तिथे देश एकच होता, फक्त राज्ये वेगळी होती. उत्तरेकडील राज्ये ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती, त्यात पश्चिम आणि उत्तर भाग जोडणाऱ्या काही वाहिन्या बंद होत्या. बिना-ग्वाल्हेर या ४०० केव्ही वाहिनीवर दोष नव्हता. पण अतिभार आणि खाली आलेले व्होल्टेज एकत्र आले की डिस्टन्स रिलेला (दोष किती दूर आहे ते मोजून वाहिनी तोडणाऱ्या संरक्षक उपकरणाला) ते दूरवरच्या दोषासारखे दिसते. त्याने वाहिनी बंद केली आणि पुढची पडझड सुरू झाली. दुसऱ्या दिवशी त्याच वाहिनीपासून पुन्हा तेच. ३१ तारखेला साठ कोटींहून अधिक लोकसंख्येचा प्रदेश अंधारात गेला. जादा ओढणाऱ्याला वेळीच थांबवायचा अधिकार कोणाला आणि तो वापरायची हिंमत कोणात, हा प्रश्न एका राज्यघटनेखालीही सुटत नव्हता. दोन देशांत तो आपोआप सुटेल असे मानायला काही आधार नाही.

दुसरा प्रकार अगदी साधा, म्हणून बहुधा दुर्लक्षित : रेडियल जोडणी. घेणाऱ्या देशाने आपल्या जाळ्याचा एक तुकडा, एखादे उपकेंद्र आणि त्याखालचे फीडर (ग्राहकांकडे जाणाऱ्या वाहिन्या), स्वतःच्या जाळ्यापासून तोडायचा आणि शेजाऱ्याच्या वाहिनीवर टाकायचा. तो तुकडा तेवढ्यापुरता विजेच्या हिशेबाने शेजाऱ्याचाच होतो. त्रिपुरातील सूर्यमणिनगरहून बांगलादेशातील कोमिल्लाला २०१६पासून वीज जाते ती याच पद्धतीने, सुरुवातीला १०० मेगावॅट. दक्षिण कोरियाने केसाँग औद्योगिक वसाहतीला १५४ केव्हीची वाहिनी आणि १०० मेगावॅटचे उपकेंद्र दिले होते तेही असेच. वसाहत उत्तर कोरियात, वीज दक्षिणेची, आणि दोन्ही जाळी कधीच एकमेकांना भिडली नाहीत. फेब्रुवारी २०१६मध्ये दक्षिणेने वीज तोडली तेव्हा वसाहत अंधारात गेली, पण दोन्ही देशांच्या जाळ्यांना हिसका बसला नाही. भांडणाची किंमत त्या तुकड्यापुरती राहिली.

ही सोय करताना चुका होतात त्या क्रमात. आधी घेणाऱ्याने आपल्या बाजूचे ब्रेकर (प्रवाह तोडणारे स्विच) आणि आयसोलेटर (तार उघडपणे अलग ठेवणारे स्विच) उघडून कुलूपबंद करायचे. एका किल्लीशिवाय दुसरे कुलूप निघणार नाही असे इंटरलॉक हवे, नुसत्या फोनवरच्या शब्दावर भागवू नये. मग त्या तुकड्यात कोणी छुपे जनित्र चालवत नाही ना, हे पाहायचे : कारखान्यांचे डिझेल संच, साखर कारखान्याची सहनिर्मिती, छतांवरचे सौर इन्व्हर्टर. यातले काही चालू राहिले तर मेलेली समजलेली वाहिनी उलट बाजूने जिवंत होते आणि पहिला बळी लाइनमनचा जातो. पहिल्याच वेळी फेजचा क्रम मीटरने तपासायचा. दोन फेजची अदलाबदल झाली तर दिवे पेटतील, पण तीन फेजवर चालणारे पंप आणि पंखे उलटे फिरतील. त्यानंतर देणाऱ्याने आपल्या टोकाकडून रिकामी वाहिनी चार्ज करायची. लांब वाहिनीच्या उघड्या टोकाला व्होल्टेज देणाऱ्या टोकापेक्षा चढते, म्हणून तिथे ते आवरणारा शंट रिअॅक्टर नसेल तर रोहित्र जोडण्याआधी मोजून घ्यावे. भार एकदम घालू नये. तासाभराच्या अंधारानंतर फ्रिज, पंप, एसी सगळे एकदम ओढू लागतात. नेहमीच्या ६० मेगावॅटच्या फीडरांनी पहिल्या काही मिनिटांत ९० मागितले तर नवल नाही. दहा-दहा मेगावॅटचे गट घालत, प्रत्येक गटानंतर व्होल्टेज स्थिरावू देत जावे. परत स्वतःच्या जाळ्यावर यायचे तर हेच उलट्या क्रमाने, आणि पुन्हा थोडा वेळ अंधार. ही गैरसोय ग्राहकांना आधी सांगितली नाही तर ते शेजाऱ्यालाच शिव्या देतात, आणि राजकारणाला आयते निमित्त मिळते.

रेडियल पद्धत तुकड्यापुरतीच शोभते. देशच्या देश असा शेजाऱ्यावर टांगला तर काय होते ते कोरियाने १९४८मध्ये पाहिले. जपानी राजवटीत बांधलेली मोठी जलविद्युत केंद्रे, यालू नदीवरचे सुपुंग धरून, उत्तरेत होती. दक्षिणेची बहुतेक वीज तिकडून येई. १० मे १९४८ रोजी दक्षिणेत निवडणूक झाली आणि १४ मे रोजी उत्तरेने, थकलेल्या बिलांचे कारण देत, वीज तोडली. दक्षिणेची स्वतःची केंद्रे थोडी आणि जुनी. अमेरिकेने तरंगती वीजकेंद्रे बंदरांत आणून उभी केली, तरी कारखान्यांचे कंबरडे मोडायचे ते मोडलेच. वीज तोडणाऱ्याच्या हेतूवर हवी तेवढी चर्चा करावी. पण फाळणीनंतर अडीच वर्षांहून जास्त काळ मिळाला होता, तेवढ्यात दक्षिणेकडे पर्यायी निर्मिती पुरेशी उभी राहिली नाही, हेही तितकेच खरे.

तिसरा प्रकार म्हणजे एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या एकदिश प्रवाहाचे) बॅक-टू-बॅक केंद्र, आणि पटत नसलेल्या शेजाऱ्यांना माझा कौल बहुतेक वेळा यालाच. एका बाजूची एसी वीज थायरिस्टर व्हॉल्व्हमधून (इलेक्ट्रॉनिक स्विचांच्या संचातून) डीसी होते, त्याच इमारतीत काही मीटरवर पुन्हा एसी होऊन दुसऱ्या बाजूला जाते. दोन्ही जाळ्यांची वारंवारता स्वतंत्र राहते. एकीकडे ४९.५ आणि दुसरीकडे ५०.२ हर्ट्झ असली तरी केंद्राला फरक पडत नाही. किती मेगावॅट जाणार हे नियंत्रण कक्षात आकडा देऊन ठरते. शेजाऱ्याला ठरलेल्यापेक्षा एक युनिटही जादा ओढता येत नाही, त्यामुळे कोसोव्होसारखा वाद निर्माण व्हायलाच जागा उरत नाही.

हे तंत्र आपल्याला परके नाही. आपले स्वतःचे विभाग एकमेकांवर विश्वास ठेवू शकत नव्हते तेव्हा आपण हेच केले. विंध्याचलला १९८९मध्ये उत्तर आणि पश्चिम विभागांमध्ये, आणि पुढच्या दशकात चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला पश्चिम आणि दक्षिण विभागांमध्ये बॅक-टू-बॅक केंद्रे उभी राहिली. भद्रावतीचे १००० मेगावॅटचे. दक्षिण विभाग उरलेल्या देशाशी समकालिक झाला तो ३१ डिसेंबर २०१३ रोजी, सोलापूर-रायचूर या ७६५ केव्ही वाहिनीने. विंध्याचलपासून सोलापूरपर्यंत चोवीस वर्षे गेली, आणि ती वाया गेली असे मी म्हणणार नाही. तेवढ्या काळात मीटर बसले, विचलनाचे (ठरल्यापेक्षा कमी-जास्त ओढण्याचे) दंड ठरले, प्रेषण केंद्रांना अधिकार मिळाले.

भारत आणि बांगलादेश यांच्यातले केंद्र बांगलादेशात भेरामाऱ्याला आहे. पश्चिम बंगालमधील बहरामपूरहून सुमारे शंभर किलोमीटरची ४०० केव्ही वाहिनी तिथे जाते. ऑक्टोबर २०१३मध्ये ५०० मेगावॅट, आणि २०१८मध्ये दुसरा तेवढाच ब्लॉक. या केंद्राने दोन शिकवणी दिल्या. एक, दोन सार्वभौम देश वारंवारता वेगळी ठेवून मोठा व्यापार करू शकतात. दुसरी १ नोव्हेंबर २०१४ची : भेरामाऱ्याला बिघाड होऊन भारताकडून येणारी साडेचारशे मेगावॅटच्या आसपासची वीज क्षणात गेली आणि जवळजवळ सारा बांगलादेश अंधारात गेला. यात शत्रुत्वाचा लवलेश नव्हता. त्या वेळच्या मागणीच्या सुमारे दहावा हिस्सा एकाच दारातून येत होता आणि ते दार बंद झाले तेव्हा उरलेल्या संचांत ती उणीव भरायला पुरेशी गरम (चालू स्थितीतली, लगेच वाढवता येणारी) राखीव क्षमता नव्हती. वारंवारता कोसळली, कमी वारंवारतेच्या रिलेने टप्प्याटप्प्याने तोडलेला भार पुरेसा पडला नाही, आणि मग संच स्वतःला वाचवण्यासाठी एकामागून एक जाळ्यापासून सुटले. म्हणून आयातीचा आकडा ठरवताना शेजारी किती द्यायला तयार आहे हे नंतर विचारावे. आधी विचारावे की एवढी वीज एका सेकंदात गेली तर आपले जाळे उभे राहील का. राहणार नसेल तर तेवढी राखीव क्षमता किंवा बॅटऱ्या आधी, आयात मग. भारतात भारकपातीचे रिले ४९.४ हर्ट्झपासून टप्प्यांत काम करतात. आयात वाढली की त्या टप्प्यांतले फीडर आणि मेगावॅट नव्याने मोजायला हवेत, नाहीतर कागदावरचा टप्पा एक आणि प्रत्यक्ष सुटणारा भार दुसराच.

बॅक-टू-बॅक केंद्राचे दोषही सांगितले पाहिजेत, कारण विक्रेते ते सांगत नाहीत. थायरिस्टरचे केंद्र जेवढे मेगावॅट वाहते त्याच्या साधारण निम्मी रिअॅक्टिव्ह शक्ती (काम न करणारी, पण व्होल्टेज टिकवायला लागणारी) जाळ्यातून मागते. ५०० मेगावॅटला अडीचशे एमव्हीएआरचे (हे त्या शक्तीचे माप) फिल्टर आणि कपॅसिटर बँक धराव्यात. घेणारे जाळे अशक्त असेल, म्हणजे त्या बिंदूवरची शॉर्ट सर्किट क्षमता (जाळ्याच्या ताकदीचे माप) केंद्राच्या क्षमतेच्या दोन-तीन पटींहूनही कमी असेल, तर जवळच्या वाहिनीवर वीज पडल्यानेसुद्धा कम्युटेशन, म्हणजे एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे प्रवाह सोपवणे, चुकते आणि प्रवाह क्षणभर तुटतो. रेटिंगच्या सुमारे दहा टक्क्यांखाली असे केंद्र चालवता येत नाही. मेलेल्या जाळ्याला जिवंतही ते करू शकत नाही, त्याला समोर चालू व्होल्टेज लागते. नव्या व्हीएससी (स्वतः व्होल्टेज निर्माण करणाऱ्या) प्रकारच्या केंद्रांना या अडचणी नाहीत, ती काळोखातूनही सुरू होतात, पण महाग असतात. आणि कन्व्हर्टर रोहित्र जळले तर नवे यायला वर्ष सहज जाते. जागेवर एक सुटे रोहित्र नसेल तर शेजाऱ्याला दोष द्यायचीही सोय नाही.

आता पैसे आणि मीटर. खरी भांडणे इथेच पेटतात. सीमेवर उपकेंद्र नसते, नुसता खांब असतो. म्हणून मीटर वाहिनीच्या दोन्ही टोकांना बसतात आणि मधला तोटा लांबीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा असतो. मुख्य, पडताळणीचा आणि राखीव असे तीन मीटर, ०.२ एस वर्गाचे (०.२ टक्के चुकीच्या मर्यादेचे), सील दोघांचे. ५०० मेगावॅटवर ०.२ टक्के म्हणजे १ मेगावॅट, दिवसाला २४ हजार युनिट. म्हणजे उत्तम मीटर असूनही दोन्ही टोकांचे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, आणि किती फरक चालेल हे करारात आधीच हवे. पीटीचा (मीटरला व्होल्टेज पुरवणाऱ्या लहान रोहित्राचा) एक फ्यूज उडाला तर तीन घटकांचा मीटर तिसरा हिस्सा कमी दाखवतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. सीटीची (प्रवाह मोजण्याच्या रोहित्राची) टोके उलटी जोडली गेली तर आयात निर्यात म्हणून नोंदवली जाते. भारतातल्या पद्धतीत दिवसाचे पंधरा मिनिटांचे ९६ खंड असतात. दोन्ही मीटरांची घड्याळे उपग्रहाच्या वेळेशी जुळवलेली नसतील तर एकाच्या सायंकाळच्या महाग खंडातली वीज दुसऱ्याच्या स्वस्त खंडात जाते. चुकून गेलेली वीज विजेनेच परत करायची असे ठरले असेल तर ती त्याच प्रहरात परत व्हावी. मध्यरात्रीची वीज देऊन संध्याकाळचे कर्ज फिटत नाही.

सायप्रसने या बाबतीत जे केले ते मला फार व्यवहारी वाटते. १९७४च्या फाळणीनंतरही उत्तर भागाला दक्षिणेचे वीज प्राधिकरण वीज देत राहिले. उत्तरेत स्वतःचे केंद्र उभे राहीपर्यंत, म्हणजे १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत, आणि त्या विजेची बिले बहुतांशी थकलेलीच राहिली. ११ जुलै २०११ रोजी दक्षिणेत मारी इथल्या नौदल तळावर साठवलेल्या ९८ कंटेनर दारूगोळ्याचा स्फोट झाला. तेरा माणसे गेली आणि शेजारचे वासिलिकोस वीजकेंद्र उद्ध्वस्त झाले. दक्षिणेची सुमारे निम्मी क्षमता एका सकाळी गेली. तेव्हा वीज उत्तरेकडून आली. दक्षिण उत्तरेच्या सरकारला मानत नाही, त्यामुळे सरकार-सरकार करार होणे शक्य नव्हते. व्यवहार व्यापारी मंडळांच्या मध्यस्थीने झाला. मान्यतेचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला आणि भर उन्हाळ्यात वीज मिळाली. जुन्या थकबाकीचे काय करायचे हा वादही नव्या खरेदीच्या आड येऊ दिला नाही. आधी जुने मिटवा, मग नवे बोलू, असा हट्ट धरला असता तर दोघेही आपापल्या जागी बरोबर ठरले असते आणि शीतगृहे बंद पडली असती.

पैशाची हमी मात्र सुरुवातीलाच हवी. दोन-तीन महिन्यांच्या बिलाचे लेटर ऑफ क्रेडिट (बँकेचे हमीपत्र) तिसऱ्या देशातल्या बँकेत ठेवावे, ते संपले की किती दिवसांनी किती टक्के कपात होईल याचे वेळापत्रक ठरवावे, आणि रुग्णालये व पाणीपुरवठ्याचे फीडर कपातीतून शेवटपर्यंत वगळावेत. वेळापत्रक नसेल तर कपात ही शिक्षा वाटते, असेल तर ती हिशेब वाटते. झारखंडमधील गोड्डा केंद्राचे उदाहरण ताजे आहे. १६०० मेगावॅटचे हे केंद्र भारताच्या भूमीवर असले तरी त्याची वाहिनी थेट बांगलादेशात जाते. म्हणजे संच फिरतात झारखंडात, पण बांगलादेशच्या वारंवारतेवर. २०२४च्या अखेरीस थकबाकीवरून पुरवठा निम्म्यावर आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारत सरकारने अशा केंद्राला देशात वीज विकण्याची मुभा दिली होती, पण नियम बदलल्याने वाहिनी तयार होत नाही. भारतीय जाळ्याला जोडणारी तार नसेल तर ती मुभा कागदावरच राहते. एकच ग्राहक असलेला विक्रेता आणि एकाच विक्रेत्यावर विसंबलेला ग्राहक, दोघेही सारखेच अडकतात. प्रकल्पाच्या आराखड्यातच दुसऱ्या जाळ्याकडे जाणारा बे (जोडणीची जागा) ठेवला तर त्याचा खर्च एकूण खर्चात फारसा जाणवत नाही.

याउलट नेपाळची वीज भारताच्या जाळ्यातून बांगलादेशला देण्याचा त्रिपक्षीय करार ऑक्टोबर २०२४मध्ये झाला तो अवघ्या ४० मेगावॅटचा, १५ जून ते १५ नोव्हेंबर या पावसाळी पाच महिन्यांचा. आकडा पाहून लोक हसले. पण नेपाळच्या नद्यांना त्या महिन्यांत पाणी असते आणि हिवाळ्यात तोच नेपाळ भारताकडून वीज घेतो, म्हणजे करार पाण्याच्या वेळापत्रकाला धरून आहे. तीन देशांची मीटर नोंद, तोट्याची वाटणी आणि बिलाची पद्धत ४० मेगावॅटवर तपासली जाते आहे. चूक झालीच तर स्वस्तात कळेल. अमृतसर-लाहोर वाहिनीची बोलणी २०१२ ते २०१४च्या सुमारास झाली तेव्हा सुरुवातच ५०० मेगावॅटपासून होती, आणि ती कागदावरच राहिली. कारणे राजकीय होती हे उघड आहे. पण पन्नास मेगावॅटची रेडियल वाहिनी मागितली असती तर नकार द्यायलाही जरा अवघड गेले असते.

कोणती वाहिनी कोणाच्या स्विचयार्डातून (वाहिन्या जिथे एकत्र जोडतात त्या आवारातून) जाते, हा प्रश्न नकाशा पसरून पाहावा. मोल्दोवाला रुमानियाकडून वीज घेता येते, पण तिकडून येणारी ४०० केव्ही वाहिनी फुटीर ट्रान्सनिस्ट्रियातील कुचुर्गान केंद्राच्या स्विचयार्डातून जाते. विकणारा मित्र, घेणारा राजी, आणि मधली बसबार (वाहिन्या जोडणारी सामाईक पट्टी) तिसऱ्याच्या ताब्यात. म्हणूनच वुल्कानेश्त ते किशिनाउ ही स्वतंत्र वाहिनी त्यांनी बांधायला घेतली.

शेवटी वेगळे होण्याविषयी. व्यापार आणि समकालिकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि करारातही त्या वेगळ्याच लिहाव्यात. युक्रेनचे जाळे १६ मार्च २०२२ रोजी युरोपशी जोडले गेले, विजेची पहिली विक्री ३० जूनला सुरू झाली, तीही १०० मेगावॅटची. बाल्टिक देशांत (एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनिया) क्रम उलटा होता : रशियाकडून वीज खरेदी मे २०२२मध्ये थांबली, पण वारंवारता आणखी पावणेतीन वर्षे रशियाच्या जाळ्याबरोबरच राहिली. एकमेकांना एक युनिट न विकणाऱ्या देशांचे प्रेषण केंद्रचालक त्या काळात एकाच जाळ्यात काम करत होते. बाहेर पडण्याची नोटीस जुलै २०२४मध्ये गेली, ८ फेब्रुवारी २०२५ रोजी वाहिन्या एकेक करून उघडल्या, तिन्ही देश साधारण एक दिवस स्वतंत्र बेटासारखे चालले आणि ९ तारखेला पोलंडमार्गे युरोपशी जुळले. त्याआधी जाळ्यात जडत्व टिकावे म्हणून सिंक्रोनस कंडेन्सर (इंधनाविना फिरत राहणारी जड यंत्रे) उभारले होते. कुठेही वीज गेली नाही.

अशा विभक्तीचा क्रम करारनाम्याच्या परिशिष्टात असावा. किमान सहा महिन्यांची नोटीस. ब्रेकर उघडण्याआधी दोन्ही बाजूंनी निर्मिती हलवून वाहिनीवरचा प्रवाह शून्याजवळ आणायचा, कारण त्या क्षणी जेवढे मेगावॅट वाहत असतील तेवढी एकीकडे तूट आणि दुसरीकडे आधिक्य होते. पुन्हा जुळवायची वेळ आली तर सिंक्रो-चेक रिलेच्या (दोन्ही बाजू एका तालात आहेत का ते पाहणाऱ्या उपकरणाच्या) मर्यादा, साधारणपणे व्होल्टेजमध्ये ५ टक्के, वारंवारतेत ०.१ हर्ट्झ आणि कोनात २० अंश, दोन्ही टोकांना सारख्याच लावलेल्या हव्यात. कायमचे वेगळे व्हायचे असेल तर ब्रेकर आणि आयसोलेटर उघडून थांबू नये. सीमेजवळच्या खांबावरचे जंपर (तारांचे जोडतुकडे) काढावेत आणि वाहिनी दोन्ही टोकांना अर्थ करावी, म्हणजे जमिनीशी जोडावी, कारण समांतर जाणाऱ्या दुसऱ्या चालू वाहिनीमुळे तुटलेल्या तारेतही माणूस दगावेल एवढे व्होल्टेज प्रवर्तित होते. सीमेवरच्या त्या शेवटच्या खांबावर चढण्याचा परवाना कोणत्या बाजूच्या अभियंत्याने द्यायचा, हेही त्याच परिशिष्टात नावानिशी नाही तरी पदानिशी लिहिलेले असावे.

आपला,
एक निवृत्त पारेषण अभियंता